पुरात बुडालेली मारुती ८०० पुन्हा पासिंग करून घेताना

पुराच्या पाण्यात बुडालेली, वर पंधरा वर्षांची मुदतही उलटून गेलेली गाडी पुन्हा कायदेशीरपणे रस्त्यावर आणता येते का, असं आता बरेच जण मला विचारतात. येते. महाराष्ट्रात खाजगी गाडीला पंधरा वर्षं झाली की ती भंगारातच घालावी लागते, हा समज दिल्लीच्या बातम्या वाचून पसरलाय. पंधरा वर्षांच्या पेट्रोल आणि दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवरचा तो बडगा दिल्ली-एनसीआरमधला. आपल्याकडे गाडी तपासणीत पास झाली, पर्यावरण कर भरला, की नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. पण गाडी दुरुस्त होणं वेगळं आणि तिचे कागद जिवंत होणं वेगळं, आणि दुसऱ्या कामाला जास्त धीर लागतो. आमच्या मारुती ८०० चं हे प्रकरण ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालं, जून २०२५ मध्ये मिटलं. झालं ते क्रमाने लिहिते.

गाडी आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. नोव्हेंबर २००६ ची, चंदेरी रंगाची, एमएच ०९. एका सहकारी बँकेचं कर्ज काढून घेतलेली आणि तीन वर्षांत फेडलेली. हे कर्ज पुढे परत भेटणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

आम्ही कोल्हापुरात शाहूपुरीत राहतो. २०१९ च्या पुरात पाणी गेटपर्यंत येऊन थांबलं होतं, त्यामुळे २०२१ च्या जुलैत आम्ही जरा निर्धास्त होतो. त्या वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५६ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट. दुचाक्या मामांकडे राजारामपुरीत नेऊन लावल्या होत्या, पण ८०० ची बॅटरी आधीच उतरलेली आणि रस्त्यावर तोवर गुडघाभर पाणी, त्यामुळे गाडी पोर्चमध्येच राहिली. पाणी ओसरल्यावर बघितलं तर गाळाची रेघ स्टिअरिंगच्या मधोमध.

शेजारचा एक मुलगा दुसरी बॅटरी घेऊन आला, "एकदा स्टार्टर मारून बघू की." आप्पांनी त्याला हातानेच थांबवलं. ते चाळीस वर्षं पंप दुरुस्तीच्या धंद्यात होते, त्यांना माहीत होतं. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. बुडालेल्या गाडीची चावीसुद्धा फिरवू नका. बॅटरीच्या तारा काढा आणि गाडी उचलून न्या. विमा कंपन्याही अशा इंजिनच्या नुकसानीचे पैसे सहसा देत नाहीत, त्यासाठी इंजिनचं जादा कव्हर घेतलेलं असावं लागतं.

आमचा तर प्रश्नच नव्हता, कारण विमा नुसता थर्ड पार्टीचा होता. पूर्ण विमा असता तर सर्व्हेअर आला असता, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमाकृत किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला म्हणून टोटल लॉस दाखवला असता आणि विषय तिथेच संपला असता. आमची गाडी नुसतीच उभी राहिली. आधी घर धुवायचं होतं, मग आईचं आजारपण आलं. त्यात नोव्हेंबर २०२१ मध्ये आरसीची पंधरा वर्षं भरली. कोविडमुळे कागदपत्रांना मिळत गेलेली मुदतवाढ त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला संपली होती. आमची मुदत १४ नोव्हेंबरची. चुकली ती अशी.

ऑक्टोबर २०२४ मध्ये एक भंगारवाला दारात आला आणि अठरा हजार म्हणाला. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. पण लेकीचं लर्निंग लायसन्स नुकतंच निघालं होतं आणि ती म्हणाली, शिकायला हीच गाडी बरी. आप्पा म्हणाले, "आधी खर्च किती ते तरी विचार." म्हणून उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींना घरी बोलावलं. त्यांनी बॉनेट उघडलं, बंद केलं, खाली वाकून पत्रा ठोकून बघितला आणि मला म्हणाले, "ताई, गाडी मी उभी करतो ओ. पण कागद कोण उभा करणार? आधी त्याचं बघा, मग मला फोन करा."

हा सल्ला फुकट मिळाला, पण त्याची किंमत मोठी होती. गॅरेजमध्ये पन्नास-साठ हजार घालून झाल्यावर कागद अडला, तर ती गाडी भंगारवाल्याला अठरालाच द्यावी लागते.

तर कागद. परिवहनच्या संकेतस्थळावर गाडी क्रमांक टाकून नोंद काढली. तीन गोष्टी दिसल्या. मोबाईल क्रमांक आप्पांच्या कधीच बंद झालेल्या सिमचा होता. २०१८ चं एक ई-चलन बाकी होतं, ते भरून टाकलं. आणि तिसरं, बँकेचा बोजा, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद, तसाच. कर्ज २००९ ला फिटलं, पण आरटीओत जाऊन बोजा उतरवायचा असतो हे घरात कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या ओळखीत निम्म्या लोकांच्या आरसीवर असाच फिटलेल्या कर्जाचा बोजा निघाला. हे वाचून झाल्यावर तुमची आरसी काढून बघा.

मोबाईल क्रमांक बदलणं सोपं. इंजिन नंबर, चॅसिस नंबर, नोंदणीची तारीख टाकली की नव्या क्रमांकावर ओटीपी येतो. हे सगळ्यात आधी करा, कारण पुढचं प्रत्येक काम ओटीपीवर अडतं, पीयूसीसुद्धा. आणि तो क्रमांक घरात ज्याच्या हातात सतत फोन असतो त्याचा द्या. आप्पांचा फोन देव्हाऱ्याशेजारी चार्जिंगला असतो.

बोजाचं काम सोपं नव्हतं. आप्पांनी कर्ज घेतलेली बँक आता त्या नावाने अस्तित्वात नाही, दुसऱ्या बँकेत विलीन झालीय. अशा वेळी नव्या बँकेकडून दोन गोष्टी हव्या असतात. एक ना-हरकत पत्र आणि दुसरं बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५, दोन प्रती, त्यावर बँकेचा सही-शिक्का. नव्या बँकेच्या शाखेत सांगितलं की २००९ च्या आधीची खाती संगणकावर नाहीत, खातेक्रमांक आणा. खातेक्रमांक कुठून आणणार? आप्पांनी कपाटातून एक पत्र्याचा डबा काढला. त्यात लाइटबिलं, माझ्या दहावीची गुणपत्रिका, आणि तळाशी रबरबँड लावलेल्या हप्त्याच्या पावत्या. शेवटच्या पावतीवर "कर्ज खाते निरंक" असा शिक्का होता. त्या एका कागदावर पुढचं सगळं काम झालं.

तरी वेळ लागलाच. अर्ज मुख्य कार्यालयात गेला, तिथून जुन्या रजिस्टरचा शोध, मग सहीची भानगड. आप्पांचा हात आता थरथरतो, २००६ च्या सहीशी आत्ताची सही जुळेना. त्यांच्या पेन्शनच्या बँकेतून सही प्रमाणित करून आणली. डिसेंबरच्या सुरुवातीला दिलेल्या अर्जाचं ना-हरकत पत्र फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात हातात पडलं. दर सोमवारी फोन करणे, एवढाच माझा उपाय. चिडून काही होत नाही, कारण समोरच्या मुलीने ती जुनी बँक पाहिलेलीसुद्धा नसते. पत्रावर तीन महिन्यांची मुदत छापलेली असते, तेवढं लक्षात ठेवा. पत्र लवकर आणून ठेवलं आणि गाडीच तयार नसेल, तर परत पहिल्यापासून.

बँकेचा अर्ज मार्गी लागल्यावर डिसेंबरच्या मध्यात गाडी क्रेनने उद्यमनगरात नेली. ही जागा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एका गल्लीत लेथ, दुसऱ्या गल्लीत वेल्डिंग, तिसरीत रंगवाले. एखादा पार्ट मिळाला नाही तर मिस्त्री चहा संपायच्या आत शेजारून करून आणतात.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम थांबले. मिस्त्रींनी सम्पचा, म्हणजे इंजिनखालच्या ऑईलच्या भांड्याचा, बोल्ट सैल केला तर आधी निव्वळ पाणी आलं, चांगलं लिटरभर. पाणी जड, म्हणून तळाला बसलेलं. मग राखाडी चिखल, आणि सगळ्यात शेवटी ऑईल, दुधाच्या चहाच्या रंगाचं. साडेतीन वर्षं ते तसंच आत होतं. प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल ओतून ठेवलं. चार-पाच दिवसांनी पुलीला पाना लावून हाताने फिरवायचा प्रयत्न केला, पण इंजिन हललं नाही. पुन्हा डिझेल. नंतर एकदाचं ते करकरत पाव फेरी फिरलं आणि मिस्त्री म्हणाले, "आहे ओ जीव."

हेड उतरवलं, तीन पिस्टनपैकी दोघांच्या रिंगा गंजून बसल्या होत्या. होनिंग करून नव्या रिंगा, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, सगळी ऑईल सील. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली. ब्रेकचं तर पुढची डिस्क, मागची ड्रमची सिलिंडरं, मास्टर सिलिंडर, पाइप, काहीच जुनं ठेवायचं नाही असं मिस्त्रींनी आधीच बजावलं होतं. पेट्रोलची टाकी उतरवून वाफेने धुतली. वायरिंगमध्ये मात्र खरा वेळ गेला. प्रत्येक जोडणी उघडायची, आत हिरवं बुरशीसारखं साचलेलं, ते साफ करायचं. फ्यूज बॉक्स नवा घातला. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेलेलाच होता. तो भंगारात निघालेल्या दुसऱ्या ८०० मधून चार हजारांत मिळाला. ईसीयू घेताना त्यावरचा पार्ट नंबर तंतोतंत जुळतोय ना ते बघा, नुसतं ८०० चा आहे म्हणून घेऊ नका.

गालिचा उचलला तेव्हा खालचं नमद्यासारखं अस्तर साडेतीन वर्षांनीही ओलसर होतं, आणि ड्रायव्हरच्या सीटखालच्या पत्र्याला एवढं भोक की खालची फरशी दिसत होती. पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड केला, वरून गंजरोधक. बाहेरून खालचा पट्टा रंगवला. लेकीला लाल रंग हवा होता. मी नाही म्हटलं, कारण आरसीवर रंग लिहिलेला असतो आणि तो बदलायचा तर आरटीओची वेगळी परवानगी लागते. आधीच एवढे अर्ज, त्यात आणखी एक कशाला.

आता चॅसिस नंबर. हे मी जरा सावकाश सांगते, कारण यावर सगळं अडू शकतं. नोंदणी नूतनीकरणाच्या अर्जाला चॅसिस नंबरची पेन्सिल छाप लागते. पत्र्यावर कोरलेल्या अक्षरांवर पातळ कागद ठेवायचा आणि वरून पेन्सिल आडवी घासायची. आमच्या गाडीच्या त्या पत्र्यावर गाळ वाळून त्याखाली गंज चढला होता. छाप काढली तर शेवटच्या पाच आकड्यांतला एक कधी ३ वाटे, कधी ८. गॅरेजमधल्या पोराने लगेच पॉलिश पेपर उचलला. मिस्त्री त्याच्यावर असे ओरडले की शेजारचा लेथवाला बाहेर आला. चॅसिस नंबर घासलेला दिसला की निरीक्षकाला पहिली शंका येते ती चोरीच्या गाडीची, आणि मग फेरपंचिंगची, म्हणजे नंबर पुन्हा कोरण्याची, परवानगी वगैरे लांबलचक वाट लागते. मिस्त्रींनी रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी त्या जागेवर रात्रभर ठेवली, सकाळी जुन्या दात घासायच्या ब्रशने हलक्या हाताने साफ केलं, परत चिंधी. असं तीन-चार दिवस. अक्षरांच्या कडा मोकळ्या झाल्या, ३ हा ३ दिसायला लागला. मग वर पातळ ग्रीस. छाप काढताना मऊ पेन्सिल घ्या, टू-बी वगैरे, आणि चार-पाच प्रती काढून ठेवा.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात इंजिन सुरू झालं. आवाज शिवणयंत्रासारखा, तीन सिलिंडरचा तो ओळखीचा थरथराट. आप्पांना व्हिडिओ पाठवला. त्यांनी उलट विचारलं, "धूर कसला आहे? निळा की पांढरा?" पांढरा होता, आणि थोड्या वेळाने थांबला.

पीयूसीला मात्र पहिल्यांदा नापास. या वयाच्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के असते, आमचा आकडा दोनच्या आसपास. ऑक्सिजन सेन्सर पाण्याने मेला होता. तो बदलल्यावर आकडा उतरला. पीयूसीचे सव्वाशे रुपये, पण त्याआधी सेन्सरचे अडीच हजार. गॅरेजवाल्याला सांगून ठेवा की अधिकृत चाचणीआधी नुसतं मशीन लावून बघा.

नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर चालवायची नाही, हे मी पहिल्यापासून ठरवलं होतं. सगळे म्हणत होते, एवढंसं तर अंतर, सकाळी लवकर घेऊन जा. पण वाटेत कुणाला धक्का लागला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. म्हणून प्रत्येक वेळी फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक. खेपेला दीड हजाराच्या आसपास. खेपा वाचवायच्या तर कामं जोडून घ्या. आम्ही पीयूसी आणि नवी नंबरप्लेट एकाच दिवशी उरकली.

नंबरप्लेट म्हणजे एचएसआरपी, हाय सिक्युरिटीवाली. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या सगळ्या गाड्यांना ती लावणं आता सक्तीचं आहे, आणि ती नसेल तर बोजा उतरवणं, पुनर्नोंदणी ही कामं आरटीओत पुढे सरकत नाहीत. चारचाकीला ७४५ रुपये आणि जीएसटी, म्हणजे ८७९ रुपये १० पैसे, ऑनलाइनच भरायचे. अधिकृत संकेतस्थळावरूनच भरा, कारण त्या नावाची खोटी संकेतस्थळं त्या काळात बरीच फिरत होती. काचेवर लावायचा तिसरा स्टिकर मागून घ्या, पेट्रोलचा निळा असतो. आमच्या समोर एक गृहस्थ तो न घेताच निघाले होते.

विमा थर्ड पार्टीचा घेतला. हजार सीसीच्या आतल्या गाडीला २,०९४ रुपये ठरलेला दर आहे, वर जीएसटी आणि मालक-चालकाचं अपघात कव्हर धरून तीन हजारांच्या घरात. थर्ड पार्टीला गाडीची तपासणी लागत नाही, ऑनलाइन मिळतो. पूर्ण विमा हवा असेल तर खंड पडल्यामुळे कंपनी गाडी बघायला माणूस पाठवते. तो विचार नोंदणी झाल्यावर करा.

एप्रिलच्या ८ तारखेला अर्ज भरला. नूतनीकरणाचा फॉर्म २५, जोडीला बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५. फीचा आकडा पडद्यावर आला तेव्हा मी खुर्चीत मागे टेकले. पंधरा वर्षांवरच्या चारचाकीच्या नूतनीकरणाचे ५,००० रुपये. हा दर १ एप्रिल २०२२ पासूनचा, त्याआधी तो सहाशे होता. त्यावर उशिराचे महिन्याला ५०० रुपये, महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरून. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२५, एक्केचाळीस महिने, २०,५०० रुपये. शिवाय पर्यावरण कर, पेट्रोल कारला पाच वर्षांचे ३,०००, आणि त्याचं उशिराचं व्याज. स्मार्ट कार्ड आणि टपालाचे वेगळे. दंडाचा हा आकडा मला आधी माहीत होता, कारण मिस्त्रींच्या सांगण्यावरून ऑक्टोबरमध्येच हिशोब मांडला होता. तरी भरताना लागतंच. गाडी नुसती उभी होती, एक किलोमीटर चालली नव्हती, पण नियमाला ते दिसत नाही.

एजंटचं काय, हे सगळे विचारतात. मी एकाला विचारलं, त्याने फी सोडून बारा हजार सांगितले. मी घेतला नाही, कारण अवघड काम बँकेतलं होतं आणि ते तो करणार नव्हता. पण ज्यांना ऑफिसातून रजा मिळत नाही त्यांनी एजंट घेतला तर मी नावं ठेवणार नाही. फक्त एक करा. फी तुमच्या हाताने, तुमच्या खात्यातून भरा आणि पावती जवळ ठेवा.

तपासणीची तारीख एप्रिलअखेरची मिळाली. सकाळी नऊला फ्लॅटबेडवरून गाडी उतरवली. रांगेत पुढे एक जुनी जीप आणि मागे निवृत्त फौजदारांची बुलेट. मोटार वाहन निरीक्षक आले, बॉनेट उघडायला लावलं, टॉर्च मारला आणि चॅसिस नंबर एकेक आकडा मोठ्याने वाचला. ३ वर आले तेव्हा मी श्वास धरला होता, ते थांबलेसुद्धा नाहीत. मग हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, हँडब्रेक, सीटबेल्ट, टायर. टायर आम्ही नवे घातले होते. जुन्यांवर जाळी दिसत होती, पण भेगा पडलेल्या. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तेवढ्यावरून वय कळतं.

"पुरातली का?" त्यांनी दाराच्या खांबाकडे बघत विचारलं. तिथे आतल्या बाजूला तपकिरी रेघ राहून गेली होती. मी हो म्हटलं. "ब्रेक दाबा." डावा मागचा ब्रेकलाइट लागला नाही. सकाळी गॅरेजमधून निघताना लागत होता, शपथेवर सांगते. समोरच्या टपरीवजा दुकानात दोन तारांचा बल्ब मिळाला, तीस रुपये. फ्लॅटबेडवाल्यानेच स्क्रूड्रायव्हर काढून बसवून दिला. रांग संपेपर्यंत थांबले, परत दाखवला. निरीक्षकांनी गाडीचा फोटो काढला, कागदावर सही केली. तपासणीला जाताना फ्यूज, एक-दोन बल्ब, स्क्रूड्रायव्हर आणि चिंधी बरोबर ठेवा. आणि गाडी धुऊन न्या. ते कुठे लिहिलेलं नाही, पण फरक पडतो.

पुढे आठ-दहा दिवसांत नोंदणी ऑनलाइन ॲक्टिव्ह दिसायला लागली आणि बोजाचा रकानाही कोरा झाला. कार्ड टपालाने यायला जून उजाडला. तोवर डिजिलॉकरमधली आरसी दाखवली तरी चालते. आमच्या लेकीला पहिल्याच आठवड्यात कावळा नाक्यावर पोलिसांनी थांबवलं, तिने तीच दाखवली. जुनी गाडी आणि चकचकीत नंबरप्लेट बघून त्यांना नवल वाटलं असावं.

हिशोब सांगते, कारण तो कुणी खरा सांगत नाही. गॅरेज, रंग, टायर धरून चौऱ्याहत्तर हजार. सरकारी फी, दंड, कर, विमा, प्लेट, फ्लॅटबेड मिळून अडतीसच्या आसपास. एवढ्या पैशांत चालू स्थितीतली, कागद स्वच्छ असलेली दुसरी ८०० आरामात मिळाली असती, वर पैसे उरले असते. व्यवहार म्हणून हे कुणाला करा असं मी म्हणणार नाही. अधिकृत स्क्रॅप केंद्रात गाडी दिली तर प्रमाणपत्र मिळतं आणि नव्या गाडीच्या करात सवलतही. ज्यांचा जीव गाडीत अडकलेला नाही त्यांनी सरळ तो रस्ता धरावा.

ज्यांना करायचंच आहे त्यांनी तारखेकडे बघा. मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून अर्ज करता येतो आणि वेळेत केला तर उशिराचा एक रुपयाही पडत नाही. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या गाड्यांचे दर आणखी वाढलेत, चारचाकीला १०,००० आणि दुचाकीला २,०००. वीसच्या आतल्या दुचाकीला अजून १,००० आहे, उशिराचे महिन्याला ३००, आणि पर्यावरण कर २,०००. पीयूसी या जुन्या गाड्यांना सहा महिन्यांचीच मिळते, फोनवर गजर लावून ठेवा.

आमच्या गल्लीत २०२१ च्या पुरातल्या आणखी दोन-तीन गाड्या ताडपत्रीखाली उभ्या आहेत. परवा समोरचे काका त्यांच्या स्कूटरचे कागद घेऊन आले. आरसी उघडली, आणि बघते तर तिच्यावरही बोजा. बँक तीच.